देवाची तपासणी

मामाला किडनी द्यायला आई उद्या दवाखान्यात दाखल होणार होती, आणि आज हसाजीकाका शास्त्र उघडून ओट्यावर बसले होते. रेवदंड्याच्या त्या बेने इस्रायली ज्यूंच्या आळीत हिब्रू फक्त त्यांनाच येई.

“केलायोत म्हणजे मूत्रपिंडं,” ते म्हणाले. “देव माणसाची मूत्रपिंडं तपासतो, असं लिहिलंय. एक देऊन बसलीस, तर त्याला काय दाखवशील, येरूशा?”

आईचा चेहरा उतरला. ती मागे फिरली, तर मामा वाचणार नव्हता. मोठ्यांत कधी न बोलणारी तिची मुलगी हद्दासा पुढे झाली.

“काका, देव मामाचीही तपासेल ना?”

“सगळ्यांचीच तपासतो.”

“मग आईचं दुसरं मूत्रपिंड त्याला मामापाशी सापडेल. ते तिथे कसं आलं, एवढंच त्यानं मामाला विचारावं.”

काकांनी शास्त्र मिटलं.

“सकाळी कितीला निघायचं, येरूशा? मीही येतो.”