लाल दोऱ्यातली बट

आठव्या महिन्याची पाचवी तारीख होती. धुकं इतकं, की नदीवरच्या होड्या एकमेकींना हाका मारत चालल्या होत्या. त्या दिवशी काय झालं, ते सांगते. पांघरूण घ्या.

चीन देशात, बादशहांच्या काळात, नदीकाठी कलावंतिणींची एक गल्ली होती. दारोदारी लाल कंदील. एका घरातल्या मुली मालकिणीला आई म्हणत, पण ती कुणाचीच आई नव्हती, बरं का. मुली लहानपणीच विकत आणलेल्या.

तिथली रीत अशी. पाहुणा पहिल्यांदा आला, की नुसता चहा. दुसऱ्यांदा आला, की पडद्याआडून गाणं. तिसऱ्यांदा आला, की मुलगी समोर बसून कलिंगडाच्या बिया सोलून द्यायची. मग एखाद्यावर जीव जडला, तर ती आपल्या केसांची बट कापून, लाल दोऱ्यानं बांधून त्याला द्यायची. ती बट घेऊन तो परत आला, की मुलीला त्याच्याबरोबर सोडायचं, असा गल्लीचा कायदा.

पण आई बिलंदर. डोंगरावर भिक्षुणींचा मठ होता. तिथं मुंडनात उतरलेले केस ती विकत आणायची आणि मुलींना त्याच बटा वाटायला लावायची. कुणी बट घेऊन आलाच, तर ती मुलीच्या वेणीशी लावून बघायची. जुळायची नाही. मग सगळं घर हसायचं.

त्या धुक्याच्या दिवशी फान तिसऱ्यांदा आला. हा लिहायचे कुंचले बनवायचा. त्या घरातल्या लानशिंगनं त्याला बिया सोलून दिल्या. मग चोरून स्वतःच्या डोक्यावरची बट कापली.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "नववर्षाला मिठाचा व्यापारी माझ्यासाठी पालखी पाठवणार आहे. त्याच्याआधी ये."

फान हरखून गेला. गुत्त्यात त्यानं मित्रांना बट दाखवली. त्यातला तांग म्हणाला, "अरे, सगळ्यांना दिलेल्या बटा तिच्या असत्या, तर एव्हाना ती टकली झाली असती."

फान घरी गेला. बोकड, ससा, मुंगूस, सगळ्यांचे केस त्याला नुसत्या बोटांना कळत. माणसाचे कळेनात. आपल्याला हसतील, एवढंच त्याच्या मनात राहिलं. मग रागानं त्यानं त्या बटेचा कुंचला बांधला आणि विकून टाकला.

मग काय झालं? कुंचला एका पंतोजींनी घेतला. अक्षरं फिकी उमटली. त्यांनी तो परत केला. मग एका पाट्या रंगवणाऱ्यानं घेतला. शाई ओघळली. त्यानंही परत केला. तिसऱ्यांदा मिठाच्या व्यापाऱ्याच्या मुनशीनं घेतला. तो दुसऱ्या दिवशी भिजका कागद घेऊन आला आणि कुंचला फानच्या पुढ्यात आपटला. म्हणाला, "लानशिंगचा करार लिहायला बसलो, तर यातून नुसतं पाणी. आता दुसऱ्या कुंचल्यानं लिहितो."

फाननं कुंचला ओठांना लावला. पाणी खारट होतं.

मग तो धावत सुटला. दारात आई उभी होती. तिनं सांगितलं, की पोरीनं त्या धुक्याच्या दिवसापासून दार लावून घेतलं होतं, कुणाला गाणं नाही की चहा नाही. आज सकाळी तिला शेवटचं विचारलं, पालखी की मठ? ती डोंगर चढून गेली.

फानही डोंगर चढला. मठाच्या फाटकात लानशिंग आली. डोक्यावर एक केस नव्हता. त्यानं कुंचला पुढे केला.

"माझं चुकलं. चल," तो म्हणाला.

तिनं कुंचल्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, "मी एकदाच खरं दिलं होतं. तू ते विकलंस."

आणि तिनं फाटक लावून घेतलं. त्या क्षणी कुंचला कोरडा झाला. पुन्हा कधी ओला झाला नाही.

झोपलात का? मिटा डोळे. एवढंच राहिलंय.

मठातल्या झाडूवालीनं लानशिंगची वेणी खाली गल्लीत नेली. आईनं ती विकत घेतली. तिच्या वीस बटा झाल्या. वीसही लाल दोऱ्यानं बांधल्या, आणि नववर्षाच्या आत सगळ्या वाटून संपल्या.