मुंगीचं डोकं कुठे गेलं?

फार फार पूर्वी, रोमच्या राज्यात समुद्रकाठी एक शहर होतं आणि त्या शहरात एक मुद्राधारी राहत होता. मुद्राधारी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर गोष्ट मध्येच अडायची.

शहराचं धान्य एका मोठ्या कोठारात भरलेलं असे. सकाळी तिथून लोकांना गहू वाटला जाई. संध्याकाळी दार बंद झालं की कडीला दोरी बांधायची, दोरीच्या गाठीवर ऊन मेण ओतायचं आणि त्यावर आपल्या अंगठीचा खडा दाबायचा, हे मुद्राधाऱ्याचं काम. खड्यावर एक मुंगी कोरलेली होती, तोंडात गव्हाचा दाणा धरलेली. मेणावर तीच मुंगी उमटायची. सकाळी लोक आधी तो ठसा बघायचे. मुंगी धड असली की कोठाराला रात्री कुणी हात लावलेला नाही, हे सगळ्यांना पटायचं. कुलूप काय, चोर हसत हसत उघडतो आणि पुन्हा लावूनही ठेवतो. फुटलेला ठसा मात्र त्याच्या बापालाही जोडता येत नाही.

मुद्राधाऱ्याची अंगठी लोखंडाची होती आणि तिच्यातला खडा तांबड्या अकीकाचा. एवढ्या मानाच्या कामाला लोखंड कशाला, असं कुणीही विचारेल. आपल्याकडे ज्याला परवडेल त्याने सोनं घालावं. तिथे तसं नव्हतं. तिथे माणसाची ओळख तोंडावरून नव्हे, बोटावरून व्हायची. सोन्याची अंगठी मोठ्या घराण्यातल्यांनी घालायची, लोखंडाची बाकीच्यांनी. मुलांना दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात पोकळ डबी घालत, तीही थोरामोठ्यांच्या मुलांना सोन्याची आणि गरिबाच्या पोराला चामड्याची. गुलामाच्या पोराला तर तीही नाही. त्याला दृष्ट लावायला कोण बसलंय!

आणि आपला मुद्राधारी एके काळी गुलामच होता. त्याचा प्रामाणिकपणा बघून मालकाने त्याला मोकळं केलं होतं. अशा माणसाने सोनं बोटात घातलं आणि ते कुणी पाहिलं, तर त्याचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं, असा त्या शहराचा कायदा होता.

अकीकाची गोष्ट मात्र वेगळी. हा खडा आपल्याच देशातला. भडोचच्या बंदरातून गलबतात बसून तो इतक्या लांब जायचा. त्याला पाचूचा झगमगाट नव्हता की मोत्याचा तोरा नव्हता. पण त्याच्यात एक गुण होता. त्याला मेण चिकटत नसे. दाबला, उचलला, की खडा कोरा आणि ठसा स्वच्छ. म्हणून शहाणी माणसं मुद्रेला अकीकच वापरायची.

हे मुद्राधाऱ्याला चांगलं माहीत होतं. पण त्याच्या मनात एक सल होता. मेजवानीला गेला की त्याला दाराजवळची जागा मिळे. चौकात चार माणसं बोलत बसली की त्याची नजर त्यांच्या बोटांवर जाई आणि आपला हात तो नकळत दुसऱ्या हाताखाली लपवी. सगळं शहर त्याच्या ठशावर विश्वास ठेवत होतं आणि हा बाबा लोखंडाची लाज वाटून घेत होता! माणूस असाच असतो. पानात वाढलेलं सोडून शेजाऱ्याच्या पानातलं मोजत बसतो.

एका दुपारी गव्हाचा एक बडा व्यापारी त्याच्याकडे आला. त्याने कमरेची डबी काढून उघडली. आत सोन्याची अंगठी होती. तिच्यात हिरवागार पाचू आणि पाचूवर कोरलेली मुंगी, तोंडात दाणा धरलेली.

"तुमच्याच ठशावरून कोरून घेतली," व्यापारी म्हणाला. "घालून तर बघा."

"मला चालत नाही. कायदा आहे."

"अहो, कायदा! राज्यपालांचा माणूस माझ्या पंक्तीला जेवतो. तुमची सोन्याची परवानगी आलीच म्हणून समजा. तोवर बोटाला सवय होऊ द्या."

"आणि बदल्यात तुम्हाला काय हवं?"

"छे छे, बदल्यात काय! उद्या सकाळी माझी पोती कोठारात यायची आहेत. तुमची माणसं प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघतात. फार वेळ जातो हो. उद्या तेवढं नका बघू, म्हणजे झालं."

मुद्राधारी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. डबी मात्र त्याने परत केली नाही. गप्प बसणं म्हणजे अर्धा होकार, हे व्यापाऱ्याला बरोबर ठाऊक होतं. तो हसत हसत निघून गेला.

संध्याकाळी कोठाराचं दार बंद झालं. दाराशी नेहमीप्रमाणे पहारेकरी उभा होता. तो शहराचा गुलाम. दाराकडे बघत बघत त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने दोरी बांधली, मेण ओतलं आणि दोन पावलं मागे सरून पुन्हा दारावर डोळे लावले.

"आजची संध्याकाळ घालून बघू," मुद्राधाऱ्याने मनाशी म्हटलं. "कोण बघतंय!" त्याने हळूच लोखंडाची अंगठी काढली आणि सोन्याची घातली. पाचूला मेण चिकटतं, हे तेव्हा त्याला आठवायला हवं होतं. पण मोह पडला की माणूस आधी अक्कल गहाण टाकतो.

"मालक, मेण निवतंय," पहारेकरी म्हणाला.

मुद्राधाऱ्याने खडा दाबला आणि उचलला. रोज तो वाकून ठसा नीट बघत असे. त्या दिवशी त्याची नजर ठशावर नव्हती, बोटावर होती. मावळत्या उन्हात सोनं काय झळाळत होतं! त्याने हात अंगावरच्या शालीत लपवला आणि तो घाईघाईने घरी गेला.

"हाताला काय लागलंय?" बायकोने विचारलं.

"कुठे काय? काही नाही."

"मग झाकलाय कशाला?"

"वारं सुटलंय."

"घरात?" बायको म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो जेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी त्याने लोखंडाची अंगठी बोटात घातली, सोन्याची कमरेला खोचली आणि तो कोठाराकडे निघाला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला गलका ऐकू आला.

"मुंगीला डोकं नाही! अहो, मुंगीला डोकं नाही!" शेंगा विकणारी एक म्हातारी हात उंचावून ओरडत होती. मेणावर मुंगीचं पोट होतं, पाय होते. पण डोकं आणि दाणा असायचा तिथे नुसता खड्डा पडला होता.

"रात्री ठसा फोडला! धान्य चोरलं!" लोक खवळले. शहराचा न्यायाधीश धावत आला. पहारेकऱ्याला लोकांनी दंडाला धरून आधीच गुडघ्यावर बसवलं होतं. ठसा फुटला तर पहारेकऱ्याने खाणीत जायचं, अशी शिक्षा होती. खाणीत गेलेला गुलाम परत आलेला त्या शहराने कधी पाहिला नव्हता.

मुद्राधाऱ्याने ठशाकडे एकदा बघितलं आणि त्याचा हात कमरेकडे गेला. कोठार कुणी फोडलेलं नव्हतं. मुंगीचं डोकं कुठे आहे, हे त्या सगळ्या गर्दीत त्याला एकट्याला कळलं होतं. ते त्याच्याच कमरेला होतं, पाचूच्या कोरीव रेघांत अडकलेलं.

तेवढ्यात पोती घेऊन आलेला व्यापारी त्याच्या कानाशी लागला. "नशीब समजा, लोक त्याला धरताहेत. विचारलं तर एवढंच म्हणा, काल ठसा धड होता. एक म्हातारा गुलाम गेला म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही. आणि तुम्ही अंगठी दाखवलीत, तर उद्या तुम्ही त्याच्या शेजारी बसाल."

न्यायाधीशाने विचारलं, "मुद्राधारी, काल संध्याकाळी ठसा धड होता का? हो की नाही?"

हो म्हटलं की सुटला. नाही म्हटलं की सगळं सांगावं लागणार आणि सगळं सांगितलं की स्वातंत्र्य जाणार. तेव्हा गुडघ्यावर बसलेला पहारेकरी म्हणाला, "महाराज, यांनाच विचारा. हे सांगतील ते मला कबूल आहे. हे खोटं बोलायचे नाहीत."

हे ऐकलं आणि मुद्राधाऱ्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की लोखंडाची लाज त्यापुढे काहीच नव्हती.

"नाही!" तो मोठ्याने म्हणाला. "ठसा धड नव्हता. पहारेकऱ्याचा काही दोष नाही. ठसा मी बिघडवला."

त्याने कमरेची सोन्याची अंगठी काढून हातावर ठेवली. "आजी, तुमच्या अंबाड्यातला आकडा द्या जरा," तो म्हणाला. म्हातारीने केसांतला हाडाचा आकडा उपसून दिला. त्याच्या टोकाने त्याने पाचूच्या रेघांतलं मेण अलगद उचललं आणि ठशातल्या खड्ड्यात बसवलं. मुंगीचं डोकं जागच्या जागी बसलं, दाण्यासकट!

"काल मी ही अंगठी घातली होती," तो म्हणाला. "या व्यापाऱ्याने दिली. त्याची पोती न तपासता आत घ्यावीत म्हणून. मी नाही म्हणालो नाही. आता काय शिक्षा द्यायची ती मला द्या, पण या माणसाला आधी उठवा."

न्यायाधीशाने खूण केली तसं लोकांनी पहारेकऱ्याला उठवलं. मग दार उघडून धान्य मोजलं. मूठभरही कमी भरलं नाही.

"आता कायद्याचं बघू," न्यायाधीश म्हणाला. त्याचा चेहरा गंभीर होता. "सोनं बोटात घातलं, ही याची कबुली झाली. पण नुसत्या कबुलीवर आपला कायदा कुणाला गुलाम करत नाही. सोनं बोटात पाहिलेला साक्षीदार लागतो. कुणी पाहिलं?"

मग म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी नाही बाई पाहिलं. मला दिसलं ते त्याच्या हातावर. बोटात कुठे होतं?"

"मीही नाही पाहिलं!" एक कोळी ओरडला. "आम्हीही नाही! आम्हीही नाही!" सगळा चौक ओरडू लागला आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"तू तर शेजारी होतास," न्यायाधीश पहारेकऱ्याला म्हणाला.

"महाराज, पहारेकऱ्याने दाराकडे बघायचं असतं. मालकांची बोटं बघत बसलो, तर पहारा कसला?"

उरला व्यापारी. न्यायाधीश त्याच्याकडे वळला. "तुम्ही पाहिलंत? पाहिलं असेल तर अंगठी तुम्हीच दिलीत, हेही त्याबरोबर मान्य करा."

इकडे आड, तिकडे विहीर. "मी... मी काही पाहिलं नाही. ती अंगठी माझी नाहीच."

"ठीक. मग तिला कुणी मालक नाही. ती विकून शहराला धान्य आणू. आणि तुमची पोती आता इथेच, सगळ्यांसमोर उघडू."

पोती उघडली. वर चार बोटं गहू आणि खाली किनाऱ्यावरची वाळू! लोकांनी ती वाळू पुन्हा पोत्यांत भरली, पोती व्यापाऱ्याच्याच गलबतावर चढवली आणि गलबत बंदराबाहेर हाकललं. त्या बंदरात त्याला पुन्हा कुणी उभं केलं नाही.

"साक्षीदार नाही, म्हणून गुन्हा नाही," न्यायाधीशाने निकाल दिला. "मुद्राधारी मोकळा आहे. आणि मुद्राही त्याच्याकडेच राहील. पाचू बोटात घातलेला माणूस मोहात पडला होता. पण तो काढून आमच्यापुढे ठेवणारा माणूस या शहरात मला दुसरा दिसत नाही."

मग काय विचारता! सगळा चौक दुमदुमला. खलाशांनी डब्यांवर ठेका धरला, बायकांनी खिडक्यांतून फुलं उधळली. लोकांनी मुद्राधाऱ्याला खांद्यावर घेतलं. लोखंडाची अंगठी घातलेला हात त्याने वर केला, पहिल्यांदाच, सगळ्यांना दिसेल असा. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते त्याने लपवलं नाही. "त्यालाही उचला!" तो ओरडला, तशी पोरांनी म्हाताऱ्या पहारेकऱ्यालाही खांद्यावर घेतलं.

"अरे, उतरवा मला!" पहारेकरी हातपाय झाडत ओरडू लागला. "दार सताड उघडं पडलंय! पहारा कोण देणार?"

"आज आम्ही!" सगळं शहर एका आवाजात म्हणालं.

तात्पर्य: आपला ठसा स्वच्छ उमटावा असं वाटत असेल, तर हाताला काही चिकटू देऊ नये. आणि चुकून चिकटलंच, तर ते दुसऱ्याच्या अंगाला पुसू नये.