घुशीचा संशय

फार मागच्या एका पौषात सकाळी धुकं इतकं दाट होतं, की अंगणातला पेरू दिसेना. तशातच कुदळ तिथे चर खणू लागली.

"पावसाळ्यात पाणी तुंबतं ना, त्याला वाट करतेय," ती म्हणाली.

पेरूखालच्या बिळातल्या घुशीला ते पटेना. एवढ्या थंडीत कुणी पावसाची तयारी करतं होय? हा आपल्या पिलांना पकडायचाच डाव. कुदळ जरा विसावली, की घूस हळूच माती परत चरात लोटायची. शेवटी कुदळ कंटाळली आणि चर अर्धाच राहिला.

आषाढात अंगणाचं तळं झालं, बीळ बुडालं. घुशीने एकेक पिलू उचलून कसंबसं कुंपणाच्या बांधावर आणलं. तिथला शेजारी बेडूक म्हणाला, "घूसबाई, तुम्हाला धरायचंच असतं तर एवढं खणलं कशाला असतं? पिंजऱ्यात एक भजं ठेवलं असतं की."