दगाजी पाटलांच्या नातवाचं उष्टावण

सातपुड्याच्या पायथ्याशी वडझिरी नावाचं गाव आहे. तिथल्या धर्मशाळेत कांबळनाथ महाराज राहत असत. महाराज सहसा रागावत नसत. पण एकदा असे रागावले, की तो प्रसंग ऐकायलाच हवा.

दगाजी पाटलांच्या नातवाचं उष्टावण होतं. बाळानं खिरीचा पहिला घास घेतल्याशिवाय पंगत बसायची नाही, अशी त्या घरची रीत. महाराजांना मानाचं आमंत्रण होतं. ते आले, पण एकटे नाही. सोबत पाटलांच्या शेतावर राबणारी झिमाबाई होती आणि तिच्या कडेवर दोन वर्षांची ठुमी. पोरीत रडायचंही त्राण नव्हतं.

"दगाजी, आधी हिला भरव," महाराज म्हणाले.

पाटील पाहुण्यांकडे बघून हसले. "हिला? पोट बघा, नगारा नुसता. माझ्या नातवाहून बाळसेदार आहे की. काय गं झिमे, चोरून काय चारतेस?"

पाहुणेही हसले. स्वतःचं पोट भरलेलं असलं की हसायला काय जातं!

"पेज, मालक," झिमाबाई म्हणाली. "तीही परवा संपली."

महाराजांनी ठुमीच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरेचना. "हे बाळसं नव्हे, उपासमारीची सूज आहे. तुला दिसत नाही, की बघायचंच नाही?"

"आधी नातू. उरलं तर बघू," म्हणत पाटलांनी चांदीचा चमचा बाळाच्या ओठांना लावला.

बाळानं तोंड घट्ट मिटलं. आजी, आत्या, सगळ्यांनी लाडीगोडी लावली. दुपार कलली, तरी खीर नाही की आईचं दूध नाही. पाटलांचा चेहरा उतरला. "महाराज, शाप मागे घ्या."

"लेकराला मी कशाला शाप देऊ? उपाशी पोरीसमोर खायची लाज वाटणारा तुझ्या घरात तो एकटाच आहे."

पाटील मुकाट्यानं उठले. त्यांनी ठुमीला मांडीवर घेतलं.

"थेंब थेंब दे. घाई नको," महाराज म्हणाले.

तिसऱ्या चमच्याला ठुमीनं जीभ हलवली, घोट गिळला आणि डोळे उघडून पाटलांकडे पाहिलं. त्याच क्षणी आईच्या मांडीवरच्या बाळानं आ केला.

पाटलांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. पण महाराजांचा राग निवला नव्हता. "उद्या सकाळी तिला परत भूक लागेल. तेव्हा कुठे असशील?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाटील झिमाबाईच्या झोपडीशी गेले. दार इतकं ठेंगणं, की कमरेत वाकल्याशिवाय आत शिरता येईना. दुधाची वाटी सांभाळत पाटील वाकले. आणि मग रोज वाकत राहिले.