दस्तगीरचाचांना दाखवलेला फोटो

“तर जाऊ की नको, तेवढं सांगा,” सुलक्षणा म्हणाली.

दस्तगीरचाचांनी मांडी बदलली.

तिनं हे दुसऱ्यांदा विचारलं होतं. शनिवारची संध्याकाळ होती. फलटणच्या एका जुन्या गल्लीतला चाचांच्या घराचा ओटा, आणि दोघांच्या मधे चहाचे दोन कप.

“काय करतात तिथं?” चाचांनी शेवटी विचारलं.

गावात नवा फोटोग्राफी क्लब निघाला होता. नाव ठेवलं होतं क्लिक मित्रमंडळ. महिन्यातून दोन रविवारी माणसं वाचनालयाच्या हॉलमध्ये जमायची आणि एकमेकांना फोटो दाखवायची. दातांचे एक डॉक्टर त्याचे अध्यक्ष होते. ते दोनदा सुलक्षणाच्या ऑफिसात येऊन गेले होते. तुमच्यासारखं माणूस हवंय आम्हाला, म्हणाले होते. उद्या सभासदांची यादी पक्की व्हायची होती.

हे सगळं तिनं सांगितलं, आणि मग मनातलंही सांगितलं. बावीस जण आहेत. निम्मे मोबाईलवर काढतात. सूर्यास्त, गुलाब, मांजराची पिल्लं. एकानं फोटो टाकला की एकवीस जण ‘वा’ म्हणतात.

“त्यांच्याकडून मी काय शिकणार, चाचा? तुम्ही असताना?”

“मी असताना...” चाचा म्हणाले आणि थांबले.

सुलक्षणा भोईटे पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची. एखादी रेघ जराशी हलली तरी तिला चैन पडत नसे. अकरा वर्षांपूर्वी ती ओळखपत्राच्या फोटोसाठी चाचांच्या तांबोळी स्टुडिओत आली होती. चाचांनी तिला हनुवटी दोनदा वर करायला लावली. तिनं कारण विचारलं. चाचांनी तिला स्टुलावरून उठवलं, तिच्या जागी स्वतः बसले आणि म्हणाले, तूच बघ.

तेव्हापासून ती दर शनिवारी येत राहिली. पुढं स्टुडिओ बंद झाला, पुतण्यानं त्या जागी झेरॉक्सचं दुकान टाकलं, तरी शनिवार चुकला नाही. ती फोटो कागदावर छापून आणायची. चाचा बघायचे आणि एकच वाक्य बोलायचे. याचे हात कुठं गेले? ही भिंत जास्त बोलते. त्या एका वाक्यावर तिचा महिना जायचा.

गेलं दीड वर्ष मात्र चाचा फक्त “ठीक आहे” म्हणत होते.

तिनं त्याचा अर्थ लावला होता. आता सुधारण्यासारखं काही उरलेलं नाही. मागल्या वर्षी पुण्याच्या एका स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि तो अर्थ पक्का झाला.

“नवीन काही आणलंयस?” चाचांनी विचारलं.

तिनं फाईलमधून एक फोटो काढून त्यांच्या हातात दिला. जत्रेतला होता. एक कासार एका म्हातारीच्या हातात बांगड्या भरतोय. तिरप्या उन्हासाठी ती त्या पालापुढं दुपारपासून उभी राहिली होती. आजवरचा आपला सगळ्यात चांगला फोटो हाच, असं तिला वाटत होतं.

चाचांनी तो समोर धरला. बराच वेळ पाहिला.

“ठीक आहे.”

फोटो उलटा होता. खालची बाजू वर.

सुलक्षणा हसली. जुन्या पेटीच्या कॅमेऱ्यात चित्र काचेवर उलटंच उमटायचं, आणि फोटो पारखायचा तर उलटा धरून पारखावा, हे चाचांनीच तिला शिकवलं होतं.

“उलटा धरूनही बरा वाटतो ना?” तिनं विचारलं.

चाचांचा हात थांबला.

“उलटा आहे?”

...

तिनं हातातला कप खाली ठेवला.

“चाचा, या फोटोत काय आहे?”

गल्लीतून एक सायकल गेली. चाचांनी फोटो हळूच मांडीवर ठेवला, त्याच्या कडा बोटांनी सरळ केल्या.

“ते तूच सांग,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. आधी उजवा डोळा गेला, मग डावा. मधलं सगळं गेलंय, फक्त कडेकडेचं दिसतं. माणूस समोर आला की त्याचा शर्ट दिसतो, चेहरा दिसत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, पण उशीर झाला होता. या गोष्टीला दीड वर्ष झालं.

दीड वर्ष. म्हणजे सत्तरपंचाहत्तर शनिवार.

“मग तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणत होता, ते?”

“तू येत होतीस,” चाचा म्हणाले. “ते ठीक होतं.”

तिला राग आला. डोळे भरूनही आले. मला सांगायला हवं होतं, असं ती म्हणाली, दोनतीनदा म्हणाली. चाचांनी ऐकून घेतलं. सांगितलं असतं तर तू तब्येत विचारायला आली असतीस, ते म्हणाले. सफरचंदं आणली असतीस. फोटो आणले नसतेस. फोटो हातात घेतला की मला बरं वाटायचं.

सुलक्षणाला आठवलं. बक्षीस मिळालेला फोटो तिनं याच ओट्यावर दाखवला होता. तेव्हाही चाचा असेच बराच वेळ पाहत होते.

“मग आता मी कुणाला दाखवू?” तिनं विचारलं.

चाचांनी हातानं चाचपत कप शोधला. थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

“उद्या मलाही ने तिकडं,” ते म्हणाले.

रविवारी सकाळी ती त्यांना घेऊन गेली. वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीवर पांढरा पडदा लावला होता. डॉक्टरांनी चाचांना ओळखलं. माझ्या लग्नाचे फोटो यांनीच काढलेत, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि चाचांना पहिल्या रांगेत बसवलं. सुलक्षणा त्यांच्या शेजारी बसली.

पहिला फोटो पडद्यावर आला. सूर्यास्त. सुलक्षणानं खाली पाहिलं.

चाचा खुर्चीतून उठले.

“मला दिसत नाही,” ते म्हणाले. “काय आहे ते कुणी सांगाल का?”

दीड वर्ष तिच्यापासून लपवलेली गोष्ट चाचांनी हॉलमधल्या बावीस जणांना एका वाक्यात सांगून टाकली होती.

फोटो एका तरुण मुलीचा होता. सूर्यास्त आहे, ती म्हणाली. चाचा वाट बघत उभेच राहिले. मग ती चाचरत म्हणाली, की हा दवाखान्याच्या गच्चीवरून काढलाय. वडील खाली ॲडमिट होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा उठून बसले. मी वर पळत गेले, तर समोर हे दिसलं.

“दिसलं,” चाचा म्हणाले आणि बसले.

सुलक्षणानं मान वर केली. अकरा वर्षांत कुठल्याच फोटोबद्दल हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

त्यानंतर प्रत्येक जण आपला फोटो पडद्यावर आला की उठून चाचांना सांगू लागला. कुणी धड सांगायचं, कुणी अडखळायचं. चाचा मधेच काहीतरी विचारायचे. वारा होता का? मांजर कुणाचं?

मग गुलाब मदने उठले. साठी उलटलेले, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. क्लबात सगळे त्यांना मदनेमामा म्हणत. त्यांचा फोटो मोबाईलवरचा होता. तिरका आला होता, थोडा हललाही होता. एक रस्ता, एक खांब, मागं बाभूळ. माणूस कुठंच नाही.

“हा विनंती थांबा हाय,” मदनेमामा म्हणाले. “चौदा वर्षं मी त्या गाडीवर होतो. एक म्हातारी रोज इथं उभी राहायची. पोरगा डेपोत मेकॅनिक. ती त्याचा डबा माझ्या हातात द्यायची आणि रोज सांगायची, कलंडू देऊ नका.”

“फोटोत कुठं आहे ती?” चाचांनी विचारलं.

“नाही. ती वारली. मी रिटायर झालो, लेकीनं मोबाईल दिला. तवा पहिल्यांदा हितंच गेलो.” ते जरा थांबले. “तिच्या हातचं एकदा खाल्लं पण होतं मी. गाडी बंद पडली होती. तिनं पोराच्या डब्यातली अर्धी भाकरी मला काढून दिली. तिचं आभार मानायचं राहून गेलं. म्हणून काढला.”

सावली कुठल्या बाजूला होती, असं चाचांनी विचारलं. बाभळीची सावली नऊपर्यंत रस्त्यावर असायची, मामा म्हणाले. मग ती सरकायची, आणि म्हातारीही सावलीबरोबर सरकायची.

चाचा पुढं झुकून ऐकत होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

“दिसलं,” ते म्हणाले. “चांगलं दिसलं.”

शेवटी सुलक्षणाचा फोटो आला. कासार आणि म्हातारी. हॉलमध्ये कुणीतरी खरोखरीच श्वास रोखला.

ती उठली. ऊन डावीकडून येतंय, तिनं सांगितलं. म्हातारीचा हात आणि कासाराचा खांदा यांचा त्रिकोण झालाय. मागचा पाल मुद्दाम धूसर ठेवलाय. फोटो काळा-पांढरा आहे.

“आणि?” चाचा म्हणाले.

“बांगड्यांवर उन्हाची एक कड आलीय.”

“म्हातारीला दुखतंय का?”

ती पडद्याकडं वळली. त्या दुपारी ती उन्हाकडं बघत होती.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

...

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मदनेमामा पडद्याजवळ आले, मान उंच करून फोटोत बघत राहिले.

“मी सांगू का, ताई?”

तिनं मानेनंच हो म्हटलं.

“कासारानं डोळं मिटलेत,” मामा म्हणाले. “हाताकडं बघतच नाही. बोटांनी हाडं चाचपतोय. अन् म्हातारीचं पण डोळं मिटलेलं हायेत. दुखत नाही तिला. हसू दाबतीय. हे बघा, ओठ.”

सुलक्षणा पुढं गेली. ते खरं होतं. तीन आठवडे हा फोटो तिच्या टेबलावर होता. तिनं त्यातला उजेड मोजला होता, कडा कापल्या होत्या, दोनदा पुन्हा छापला होता. हे मिटलेले डोळे, हे दाबलेलं हसू तिनं पाहिलंच नव्हतं.

तिला वाटलं होतं, आपल्याला लाज वाटेल. वाटली नाही. हरवलेली वस्तू कुणी आपल्याच घरातून काढून हातात ठेवावी, तसं तिला झालं.

“मामा,” ती म्हणाली, “परत एकदा सांगा. सावकाश.”

मामांनी सावकाश सांगितलं. तिनं ऐकलं. पहिल्या रांगेतून चाचांनीही ऐकलं.

“दिसलं,” चाचा म्हणाले.

बैठक संपल्यावर डॉक्टरांनी यादी पुढं केली. सुलक्षणानं सही केली. खाली तेविसावं नाव आलं. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही आम्हाला चार गोष्टी शिकवा. ती मदनेमामांकडं गेली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. मामा गडबडले, दोन पावलं मागं सरले.

बाहेर ऊन चढलं होतं. चाचांचा कोपर धरून तिनं त्यांना पायऱ्या उतरवल्या. खालच्या पायरीवर चाचा टेकले. आज पुष्कळ पाहिलं, ते म्हणाले. दमलो.

ती समोर उभी राहिली. खांद्यावर कॅमेरा होता.

“चाचा,” ती म्हणाली, “अकरा वर्षांत मी तुमचा एकही फोटो काढला नाही. तुमचे आभारही कधी मानले नाहीत. आज काढू का?”

“काय काढणार?”

“तुम्हाला.”

“म्हणजे काय काय?”

तिनं कॅमेरा डोळ्यांपर्यंत नेला होता. तो तिनं खाली घेतला. जमिनीवर, त्यांच्या पुढ्यात बसली.

“दाढीला मेंदी आहे,” ती म्हणाली. “पण मुळाशी पांढरं आलंय. शर्टाची कॉलर उलटून शिवलीय, दोरा वेगळ्या रंगाचा आहे. शिवताना चाचीला शर्टाच्या रंगाचा दोरा मिळाला नसेल. उजव्या अंगठ्याचं नख अजून तपकिरी आहे, फोटो धुवायच्या औषधानं झालेलं. तुमचा एक हात गुडघ्यावर आहे. तो जरा थरथरतोय, आणि ते मला कळू नये म्हणून तुम्ही दुसरा हात त्यावर ठेवलाय.”

चाचा ऐकत होते.

“आणि तुम्ही माझ्याकडं बघत नाही. माझ्या कानाशेजारी बघताय...” ती पुढं म्हणाली, “तसं बघितलं की मी तुम्हाला थोडी दिसते. म्हणून.”

चाचांनी वरचा हात उचलला. गुडघ्यावरचा हात थरथरत होता. तो त्यांनी तसाच थरथरू दिला.

“झालं,” ते म्हणाले. “आता फोटो नाही काढलास तरी चालेल.”