बोरकुंड्याच्या हरकती

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. गावाचं नाव बोरकुंडे, गिरणीवाल्याचं नाव झिपरू. गिरणी पिठाची होती. पट्टा झिपरू चढवायचा आणि डोकं त्याची बायको कौतिका चालवायची, म्हणून गिरणी चालत होती.

झिपरूचा एक गुण होता. कुणी काही शिकवलं की तो ते डोक्यात पक्कं बसवायचा. जागा कमी असल्यामुळे आधीचं काढून टाकावं लागायचं, एवढंच.

एकदा गावात ‘सर्वसखा’ नावाच्या कंपनीचा माणूस आला. भर उन्हात गळ्यात टाय. शाळेच्या ओट्यावर बसून त्याने प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये कंपनीचं ॲप घालून दिलं. अगदी फुकट. झिपरूच्या मोबाईलवर बारीक अक्षरांचा लांबलचक मजकूर उमटला. झिपरू बोट लावून वाचायला लागला.

“काका, हे काय करताय?” तो माणूस दचकून म्हणाला.

“वाचतोय.”

“वाचायचं नसतं. कुणी काहीही विचारलं की ‘मान्य आहे’ म्हणायचं आणि पुढे जायचं.”

“शिकलेली माणसंसुद्धा?”

“ती तर सगळ्यात आधी.”

झिपरूने ते डोक्यात बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा देवचंद कुंपणापाशी आला. देवचंद सहज आला असं गावात कधी घडलं नव्हतं.

“झिपरू, तुझ्या अंगणातली ही चिंच खरं म्हणजे माझ्या हद्दीत आहे.”

“मान्य आहे.”

देवचंदला ठसका लागला. त्याने जरा दम घेतला. “मग जिथवर तिची सावली, तिथवर जागाही माझीच नाही का?”

“मान्य आहे.”

“सकाळची सावली लांब पडते हं.”

“मान्य आहे.”

कौतिका ओढ्यावरून धुणं घेऊन आली तेव्हा तिच्या दारापुढे नवं कुंपण होतं. स्वतःच्या घरात जायला तिला देवचंदला हाक मारावी लागली. आत येऊन तिने धुण्याचा पिळा नवऱ्याच्या पायाशी आपटला.

“अहो, कुणीही विचारावं आणि तुम्ही हो म्हणावं? परवाच रेडिओवर सांगत होते. कुणी काही विचारलं की ठणकावून म्हणायचं, ‘माझी माहिती, माझा हक्क. सांगत नाही.’ म्हणून दाखवा.”

झिपरूने म्हणून दाखवलं. कौतिकाला बरं वाटलं. ते दोन दिवस टिकलं.

तिसऱ्या दिवशी झिपरूची दाढ ठणकू लागली. गाल पुरीसारखा फुगला. तो तालुक्याला वाणी डॉक्टरांकडे गेला आणि खुर्चीत बसला.

“कुठली दाढ?” डॉक्टरांनी विचारलं.

“माझी माहिती, माझा हक्क. सांगत नाही.”

“वरची की खालची, एवढं तरी?”

“सांगत नाही.”

“अहो, दुखतंय कुणाला? तुम्हाला की मला?”

“तेही सांगत नाही.”

बाहेर बारा माणसं खोळंबली होती. डॉक्टरांनी अंदाजाने एक दाढ काढली. चांगली निघाली. दुसरी काढली. तीही चांगली. तिसरीला नुसता चिमटा लागला आणि झिपरूने अशी बोंब ठोकली की बाहेरचे चौघे उठून घरी गेले.

“शेवटी फुटली माहिती,” डॉक्टर घाम पुसत म्हणाले. “अरे बाबा, असं लपवू नये. जे माहीत असेल ते घडाघडा सांगून टाकावं. कुणी न विचारता सांगावं. त्यात सगळ्यांचं भलं असतं.”

झिपरू तीन दाढा गमावून आणि एक धडा घेऊन परत आला.

संध्याकाळी शेवंता गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आली. झिपरूने तिला काहीही न विचारता सांगितलं, “तुझी सासू मंगळवारी आली होती. लेकीकडे पाठवायला शरबती गहू दळून नेला. तुझ्या डब्यात आहे तो रेशनचा.” मागे उभ्या असलेल्या बाईला सांगितलं, “तुझ्या जावेच्या ज्वारीत फार खडे असतात. पण पाहुण्यांना ती तुझी म्हणून सांगते.” आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, “सरपंच विमलताईंचा सोमवारी उपवास असतो. बाजरी त्यांच्याकडे सोमवारीच जास्त जाते.”

सूर्य मावळायच्या आत बोरकुंड्यात सात चुली वेगळ्या झाल्या. लोक काठ्या घेऊन गिरणीपुढे जमले. कौतिकाने दार लावून घेतलं आणि आतून सगळ्यांची माफी मागितली.

टायवाला माणूस तेवढ्यात पुन्हा गावात आला होता. त्याने मागच्या खिडकीतून झिपरूचा हात हातात घेतला. “वा, काका! आम्ही अगदी हेच करतो.”

“मग लोक तुम्हाला मारायला येत नाहीत?”

“येतील कसे? आमचं दार कुठे आहे तेच कुणाला ठाऊक नाही.”

मारायला दार एकच सापडत होतं, म्हणून तक्रार झाली ती झिपरूची. आठवड्याभरात सरकारी जीप आली. जीपमधून माहिती नियमन खात्याचे साहेब उतरले. त्यांनी झिपरूला उभं केलं आणि नियम वाचून दाखवले. कुणासाठी काहीही करायचं तर आधी त्याची लेखी संमती घ्यायची. तीन प्रतींत. सही स्पष्ट पाहिजे. मग हरकती यायला सात दिवस थांबायचं. त्यानंतरच हात लावायचा.

“हे सर्वसखावाल्यांना पण सांगितलंय का, साहेब?” कौतिकाने विचारलं.

“तो मोठा विषय आहे. त्यावर समिती बसली आहे. तुमचा छोटा आहे, तेव्हा तुम्ही आजपासून पाळा.”

झिपरूने आजपासून पाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मळ्यातून येत असताना विहिरीतून हाका ऐकू आल्या. त्याने वाकून पाहिलं. देवचंद गळ्यापर्यंत पाण्यात, एका दगडाला धरून लोंबकळत होता. विहिरीची जागा कुठवर आपली म्हणता येईल ते मोजताना पाय घसरला होता.

“झिपरू, दोर टाक!”

“टाकतो. लेखी संमती द्या.”

“अरे, बुडतोय मी!”

“तसं लिहून द्या.”

झिपरूने बादलीत कागद आणि पेन ठेवून बादली खाली सोडली. देवचंदने एका हाताने सही केली. बादली वर आली. झिपरूने कागद उन्हात धरून पाहिला.

“सही ओली आहे. पुसट दिसते. शिवाय ही एकच प्रत आहे.”

“अरे नालायका!”

“आणि हरकतीसाठी सात दिवस थांबावं लागेल.”

“हरकत कुणाची असणार इथे?”

“खाली कासव आहे ना एक.”

आरडाओरडा ऐकून कौतिका धावत आली. तिने दोर हातात घेतला, पण लगेच सोडला नाही. कठड्यावर बसून तिने शांतपणे विचारलं, “आमचं अंगण?”

“घ्या!”

“आणि चिंच?”

“चिंचांसकट घ्या!”

तेव्हा कुठे दोर खाली गेला.

देवचंद काठावर आला, अंगातलं पाणी झटकलं आणि झिपरूवर तुटून पडला. “अरे मूर्खा, मोकळं करायला कागद लागतो का? कुणी कोंडलेला, अडकलेला दिसला की आधी सोडवावं! ना कुणाला विचारावं, ना कशाची वाट पाहावी. स्वातंत्र्य, स्वातंत्र्य म्हणतात ते हेच!”

गावात स्वातंत्र्यावर इतकं स्पष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं. झिपरूने ते डोक्यात बसवलं.

याच सुमारास गावावर एक मोठी योजना आली. सर्वसखा कंपनी प्रत्येक घराच्या दारावर एक यंत्र बसवणार होती. कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, किती वेळ थांबलं, सगळं यंत्र टिपणार. लोकांना काळजी वाटू नये म्हणून सरकार त्या यंत्रावर नजर ठेवायला शेजारी दुसरं यंत्र बसवणार होतं. म्हणजे नागरिक अगदी निर्धास्त. कुणाची हरकत असेल तर सोमवारी पाचच्या आत लेखी कळवावी, असं पत्रक लागलं. हरकत आली नाही तर योजना मंजूर.

जन्मात कधी एक न झालेलं बोरकुंडे त्या दिवशी एक झालं. शेवंता आणि तिची सासू एकाच चटईवर बसून लिहीत होत्या. कुणी लिहिलं, कंपनी नको. कुणी लिहिलं, सरकार नको. एका म्हाताऱ्याने लिहिलं, दोन्ही नकोत, पण नातवाचा चेहरा मोबाईलवर दिसायचा तेवढा दिसू द्या. देवचंदने लिहिलं, मी रोज कुठे कुठे जातो ते गावाला कळण्याची काही गरज नाही. कौतिकाने लिहिलं, माझ्या दारावर लक्ष ठेवायला मी आहे, आणि मला कुणी विकत घेऊ शकत नाही.

तीनशे बारा कागद झाले. ते पत्र्याच्या पेटीत घालून विमलताईंनी कुलूप लावलं. पेटी तालुक्याला न्यायची कुणी? देवचंदवर कुणाचा भरवसा नव्हता. बाकीच्यांचा एकमेकांवर नव्हता. खोटं बोलायला लागणारी अक्कल ज्याच्याकडे नाही असा गावात एकच माणूस होता.

कौतिकाला गिरणी सोडता येईना. तिने नवऱ्याला बजावलं, “वाटेत कुणाशी बोलायचं नाही. पेटी कुणाच्या हातात द्यायची नाही.” झिपरूने दोन्ही गोष्टी पाळल्या. एवढं कौतुक त्याचं केलंच पाहिजे.

चारच्या सुमारास तो कचेरीत पोचला. साहेबांच्या शेजारी टायवाला बसला होता. दोघांपुढे एकाच बशीत भजी होती. झिपरूने पेटी टेबलावर ठेवली. साहेबांनी झाकण उघडलं, आत डोकावले, पेटी उलटी करून हलवली.

“बोरकुंड्याच्या हरकती?”

“एकही अडकलेली नाही, साहेब. सगळ्या सोडवल्या.”

“सगळ्या? कुणी?”

“मी. एकट्याने.”

साहेबांनी टायवाल्याकडे पाहिलं. टायवाल्याने साहेबांकडे पाहिलं. मग साहेबांनी कागदावर लिहिलं, ‘ग्रामस्थांच्या सर्व हरकती सोडविण्यात आल्या आहेत. योजना मंजूर.’ खाली शिक्का मारला, एक प्रत झिपरूला दिली आणि वर एक भजंही दिलं.

झिपरू परतला तेव्हा अख्खं गाव एसटीच्या थांब्यावर उभं होतं. विमलताईंनी कागद मोठ्याने वाचला. मग पुन्हा एकदा हळू वाचला.

“अहो,” कौतिकाने विचारलं, “त्या पेटीतल्या कागदांचं काय केलंत?”

“सोडवले,” झिपरू आनंदाने म्हणाला. “बिचारे कुलपात कोंडलेले होते. नदीच्या पुलावर उभा राहिलो, दगडाने कुलूप फोडलं आणि एकेकाला मोकळं केलं. वाराही चांगला होता. काही उडाले, काही पोहत गेले.” मग त्याने अभिमानाने तिच्याकडे पाहिलं. “तुझा सगळ्यात पुढे होता.”