गप्प मेंदूचा नकाशा

“पण बाई, जिथं काही उजळलंच नाही, तिथं वाचा कशी असेल?”

शार्दूल टिळवेचं बोट पडद्यावरच्या मेंदूच्या चित्रावर होतं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तो अशा चित्रात उजळतो. इथं डाव्या बाजूला गाठ, आणि तिच्या भोवती सगळा अंधार.

मनोरमाबाई केंकरे चित्र निरखत होत्या. असली चित्रं वाचण्यात त्यांची हयात गेली होती. शार्दूल त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, आणि हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं.

मेंदू होता दिनकर चौगुल्यांचा. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे पुकारणारा माणूस. गाठ काढायलाच हवी होती. पण हात जरा चुकला असता, तर तो खणखणीत आवाज कायमचा गेला असता. कुठून कापायचं, हे सर्जन शार्दूलला विचारून ठरवणार होते.

“केलंस कसं?” बाईंनी विचारलं.

“नेहमीसारखंच. यंत्रात झोपवून थोडा वेळ मनातल्या मनात शब्द आठवायला लावले, थोडा वेळ स्वस्थ पडायला सांगितलं. पहिल्यातून दुसरं वजा केलं. उरेल ती बोलण्याची जागा. गाठीजवळ काही उरलंच नाही. सर्जनना कळवतो, खुशाल कापा.”

“बस खाली. डोळे मीट. आता काही करू नकोस.”

शार्दूल मनातून वैतागला, पण बसला.

...

“काय केलंस?”

“काही नाही.”

“खरंच?”

“म्हणजे... तुम्हाला काय उत्तर द्यायचं, ते जुळवत होतो.”

“शब्दांत?”

शार्दूलची नजर पडद्यावरच्या अंधाराकडे गेली. तो उठला आणि वॉर्डाकडे निघाला. निम्म्या वाटेत त्याचे पाय आपोआप पळू लागले.

चौगुले खाटेवर चहा पीत बसले होते.

“मामा, त्या यंत्रात तुम्हाला मधूनमधून स्वस्थ पडायला सांगितलं होतं. तेव्हा काय करत होता?”

चौगुले ओशाळले. “रागावू नका साहेब. हाललो नाही बघा जरासुद्धा. पण त्या नळकांड्यात जीव घाबरा झाला. मग मनातल्या मनात सौदा पुकारत बसलो. तेवढाच धीर.”

शार्दूलला उमगलं. स्वस्थ पडल्याच्या वेळीही हा माणूस बोलतच होता. बोलण्यातून बोलणं वजा केलं, तर उरणार काय?

सर्जनना त्याने थांबायला सांगितलं आणि तपासणी पुन्हा केली. या वेळी ‘स्वस्थ पडा’ म्हटलं नाही. त्याऐवजी चौगुल्यांना बोटं हलवायला लावली, हलवताना मनात मोजायचंही नाही असं बजावलं, आणि बाहेर आल्यावर प्रत्येक वेळी मनात काय चाललं होतं ते विचारून घेतलं.

नवं चित्र पडद्यावर आलं. गाठीच्या अगदी कडेला, आधी जिथं अंधार होता तिथं, लालभडक ठिपका पेटला होता. चौगुल्यांची वाचा.

शार्दूलने ते छापून घेतलं. मग चित्र घेऊन तो बाईंकडे गेला.

“चुकलो होतो, बाई. तुम्ही नसतात तर...” त्याने चित्र पुढे केलं. “पण आता शंकाच नाही. वाचा इथंच आहे. हा नकाशा पक्का.”

बाईंनी चित्र हातात घेतलं. उजेडाकडे धरून निरखलं. मान डोलावली आणि त्याला परत दिलं.

“छान झालाय. सर्जनना दे... आणि सांग, कापताना चौगुल्यांना जागं ठेवा, बोलतं ठेवा. शब्द अडखळला, की हात थांबवा.”